आपलं बरं, असं वाटतं तेव्हा

ताई, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिज वाहणारे आमचे दोन टिप्पर होते. 2012 मध्ये खाणबंदीनं पहिल्यांदा सगळं थांबलं, 2018 मध्ये पुन्हा. एक टिप्पर विकला, दुसरा दारात गंजला. नवरा आता एका कारखान्याची गाडी चालवतो. गेल्या महिन्यात सासूबाईंना बारा दिवस बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ठेवलं होतं. शेजारच्या बेडवर काणकोणकडची चोवीस वर्षांची मुलगी होती, दोन्ही किडन्या गेलेल्या. सोबत फक्त आई, ती काजूच्या बागेत रोजावर जाते. त्यांच्याकडे बघून वाटलं, देवानं आपल्याला केवढं दिलंय! घरी आले ती नवी बाई होऊन. दोन आठवडे चिडचिड नाही, नवऱ्याला टोमणा नाही. मग सगळं पहिल्यासारखं. आता मनाला लागून राहिलंय की दुसऱ्याचं दुःख बघून मला बरं वाटलं, म्हणजे मी किती वाईट. आणि वाटलं ते वाटलं, टिकलं का नाही? मुलाला बारावीत कमी मार्क पडले, खोलीतून बाहेर येत नाही. त्याला त्या मुलीचं उदाहरण दिलं तर म्हणतो, ‘मग मी काय करू, खूश होऊ?’ सासूबाई आता बऱ्या आहेत. रात्री माझा डोळा लागला की ती काणकोणची बाईच त्यांच्या सलाईनकडे बघायची, म्हणून निभावलं. मला मात्र हल्ली झोप नीट लागत नाही.
– एक वाचक, डिचोली

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या प्रश्नांबद्दल बोलूच, पण त्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, आणि मला विचाराल तर अख्खं पत्र त्या वाक्यासाठी आहे. त्याच्याकडे मागाहून येते. आधी तुम्हाला जे खातंय ते.

तुम्ही वाईट नाही. भर पावसात मध्यरात्री धाडकन आवाज झाला, शेजारच्यांच्या छपरावर माड पडला, तर माणूस आधी आपलं छप्पर बघतो आणि मग बॅटरी घेऊन धावतो. आधी आपलं छप्पर बघितलं म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही. बघून झाल्यावर परत पांघरूण ओढून झोपला, तर ठेवतात.

वॉर्डात तर हे सारखंच चालतं. बारा दिवस काढलेल्या बाईला मी काय सांगणार! रात्री चटया अंथरल्या की नातेवाइकांची बोलणी सुरू होतात. तुमचं काय, आमचं काय, किती दिवस झाले, डॉक्टर काय म्हणतात. पाच मिनिटांत प्रत्येकाला कळतं की या रांगेत आपण कुठं उभे आहोत. ज्याचा पेशंट उद्या घरी जाणार, तो आयसीयूवाल्यासमोर आवाज खाली आणतो. थॉमस विल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1981 मध्ये यावरच लिहिलंय: माणूस खचलेला असला की आपल्याहून जास्त अडचणीत असलेल्याकडे त्याची नजर वळते, कारण त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तेव्हा ही तुमची एकटीची खोड नव्हे. ‘खचलेला असला की’ एवढे शब्द मात्र बाजूला काढून ठेवा, पुढं लागतील.

पण तुमचं एक म्हणणं मला पटलेलं नाही. देवानं केवढं दिलंय असं वाटलं, ती कृतज्ञता होती असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं तुम्हाला हायसं वाटलं. हायसं वाटणं ही चांगली गोष्ट आहे, उन्हातून आल्यावर पाण्याचा तांब्या मिळावा तशी. तांब्या संपला की पुन्हा तहान लागतेच. कृतज्ञता वेगळी. शब्दच फोडून बघा: कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं ते जो जाणतो तो कृतज्ञ. आता सांगा, काणकोणच्या त्या मुलीच्या किडन्या गेल्या, यात तुमच्यासाठी कुणी काय केलं? काहीच नाही. तिचं वाईट झालं आणि तुमचं झालं नाही, एवढंच. त्यावर उभं केलेलं बरं वाटणं दोन आठवडे टिकलं हेच मला पुष्कळ वाटतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुम्ही चौदा काढलेत.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाही. दुसऱ्या बाजूला मी साडेचार वर्षं काढली आहेत.

माझे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले तेव्हाची गोष्ट. मडगावचं आमचं घर जुनं, जिना लाकडी, खाली बोललेलं वर जसंच्या तसं ऐकू येतं. एका संध्याकाळी ओळखीच्या दोघीजणी विचारपूस करायला आल्या. मी आल्याचा चहा केला, यजमानांच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ मध्ये मध्ये पुसत त्यांच्याशी बोलले, हसले सुद्धा. जाताना जिन्यात एक दुसरीला म्हणाली, ‘बघ गो, आपण उगाच रडत असतो.’ दुसरी म्हणाली, ‘खरंच, डोळे उघडले.’

मी वर कपबशा हातात घेऊन उभी. त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्या रात्री दोघींनीही आपापल्या नवऱ्याला प्रेमानं वाढलं असेल. पण मी त्यांचा धडा झाले होते. चहात आलं जास्त पडलं होतं का, मी त्या दिवशी नवी साडी का नेसले होते, हे काही त्यांना दिसलं नव्हतं. (वाढदिवस होता यजमानांचा.) त्यानंतर कितीतरी दिवस कुणी विचारपूस करायला आलं की मला वाटायचं, ही आता जिन्यात काय म्हणेल?

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई आली. तिनं काही विचारलंच नाही. ओट्यावर बांगडे पडले होते, मला साफ करायला वेळ झाला नव्हता. तिनं विळी ओढून घेतली, सगळे बांगडे साफ केले, मीठ-हळद लावून झाकून ठेवले, हात धुतले. जाताना फडताळात डोकावली आणि म्हणाली, ‘सोलं (कोकमं) संपलीत तुमची, उद्या आणते.’ तिचा स्वतःचा मुलगा त्या वेळी आखातातली नोकरी सुटून घरी बसलेला होता. माझ्याकडे बघून तिला आपलं बरं वाटलं असेल का? असेलही. मला कधी कळलं नाही, कारण ती बांगड्यांकडे बघत होती.

आता जरा लांबची वाट घेते, पण तुमच्या प्रश्नावरच येईन. सांगे तालुक्यातलं कुर्डी तुम्हाला माहीत असेल. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावलीचं धरण झालं आणि 1986 मध्ये ते पाण्याखाली गेलं, सुमारे 3000 माणसं उठून दुसरीकडे वसली. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि मे महिन्यात गाव वर येतं: घरांचे चौथरे, वाळलेली खोडं, भेगाळलेला चिखल, सोमेश्वराचं देऊळ. गावचे लोक मे महिन्यात तिथं जमतात. देवळात पूजा होते, ख्रिस्ती मंडळी कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त करतात. आणि हल्ली बघे जातात, फोटो काढायला.

मीही गेले होते काही वर्षांपूर्वी, भाचीच्या गाडीतून, बघी म्हणूनच. सत्तर-एक वर्षांचे एक गृहस्थ एका चौथऱ्यावर नातवाला घेऊन उभे होते. ‘ही चूल. इथं न्हाणी. इथून आजी तुझी ओरडायची, गुरं आली गुरं आली.’ नातू मोबाइलात. भाची हळूच मला म्हणाली, ‘मावशी, किती वाईट ना, आपलं घर तरी आहे.’ मला तो जिना आठवला. मी तिला विचारलं, ‘आपल्या मडगावच्या नळाला पाणी कुठून येतं?’ ती थोडा वेळ बोलली नाही. साळावलीहूनच येतं. दक्षिण गोव्यातल्या बहुतेक नळांना तिथूनच येतं.

म्हणजे बघा, तोच चौथरा, तेच गृहस्थ. त्यांच्याकडे ‘बिचारे’ म्हणून बघितलं की मला हायसं वाटतं आणि घरी येईपर्यंत ते ओसरतं. पण ज्या पाण्यात त्यांची चूल बुडाली त्यात मी रोज तांदूळ धुते, हे एकदा कळलं की ते ओसरत नाही. मला ते काही फार सुखाचं वाटत नाही, खरं सांगते. थोडं ओशाळवाणंच वाटतं. पण नळ सोडून आत गेलं की हल्ली मी परत येऊन बंद करते.

आपल्याकडे कोंकणीत आभार कसे मानतात? ‘देव बरें करूं.’ देवानं माझं बरं केलं, असं कुणी म्हणत नाही. तुझं बरं करो, असं म्हणतात. समोरच्याकडे तोंड करूनच ते म्हणावं लागतं. तुम्ही वॉर्डातून निघताना मनातल्या मनात देवाचे आभार मानलेत, पण तोंड डिचोलीकडे होतं.

मला अभ्यास-बिभ्यासांचं वेड नाही, तरी एक सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कुलो या दोघा अमेरिकन संशोधकांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी रोज लिहायचं की आज कशाबद्दल आभारी आहोत, काहींनी दिवसाच्या कटकटी लिहायच्या, आणि काहींनी लिहायचं की दुसऱ्यांपेक्षा आपलं कशात बरं चाललंय. म्हणजे तुमच्यासारखंच. आभार लिहिणाऱ्यांनी त्या दिवसांत इतरांना आधार दिल्याचं, त्यांच्या अडचणीत मदत केल्याचं जास्त सांगितलं. ‘आपलं बरं’ लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. हे वाचलं तेव्हा मला पुन्हा त्या दोघीजणी आठवल्या. परत कधी आल्या नाहीत बिचाऱ्या.

आता ते बाजूला काढून ठेवलेले शब्द. माणूस खचलेला असला की. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःचं सगळं दोन ओळींत उरकलंय: दोन टिप्पर होते, एक विकला, एक गंजला. अहो, हे लहान नाही. डिचोली-सांगे-सत्तरीत ज्यांनी हे पाहिलंय त्यांना विचारा. चीनला माल जायचा तेव्हा ट्रकांच्या रांगेमुळे शाळेची बस अडकायची, आणि मग एका निकालानं रस्ते ओस पडले. हप्ते काही ओस पडले नाहीत. बँकेची माणसं दारात, माहेरच्या पाटल्या गहाण, आणि स्वतःच्या गाडीचा मालक दुसऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याचं दुःख करायला तुम्हाला कुणी फुरसत दिलीच नसणार. तुम्हीही घेतली नसणार, कारण तालुक्यात सगळ्यांचंच झालं होतं, कुणाचे चार गंजत होते तर आपले दोन. मग काणकोणच्या मुलीशी तुलना करून तेही दोन टिप्पर तुम्ही खोडून टाकलेत. खोडलेलं परत वर येतं, कुर्डीसारखं. चिडचिड ती हीच असावी असा माझा अंदाज आहे. नवऱ्याला टोमणा मारण्याऐवजी एकदा दोघं बसून त्या टिप्परबद्दल बोला. तो दारातून गेला त्या दिवसाबद्दल. पैशाचा हिशेब नंतर.

झोप लागत नाही हे तुम्ही अगदी शेवटी, ओशाळत लिहिलंय. ते ओशाळण्यासारखं नाही. दोन-तीन आठवडे असंच चाललं तर डॉक्टरांना सांगा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट लागतो, दिवसा-रात्री कधीही, तिथं बोलता येतं. ‘लोकांना कितीतरी मोठे आजार आहेत’ असं म्हणून टाळू नका. ते म्हणाल याची मला खात्री आहे, म्हणून आधीच लिहिते.

मुलगा. त्याचं उत्तर मला फार आवडलं, राग मानू नका. ‘मग मी काय करू, खूश होऊ?’ हा प्रश्न तुम्ही मला अख्ख्या पत्रात विचारलात, त्यानं सहा शब्दांत विचारला. त्याला कमी मार्क पडलेत, त्याच्या बरोबरीचे प्रवेशाच्या रांगेत आहेत, याला आत्या-मामांचे फोन घ्यायची लाज वाटतेय. अशा वेळी डायलिसिसवरची मुलगी पुढं केली की त्याला दोनच गोष्टी कळतात: माझं दुःख खोटं आहे, आणि ते मी बोलूनही दाखवायचं नाही. वर त्या मुलीचाही आपण छडीसारखा वापर केला. तिला कळलं तर काय वाटेल तिला? सासूबाई तुम्हाला ‘आमच्या वेळी विहिरीचं पाणी ओढावं लागायचं’ म्हणतात का कधी? माझ्या म्हणायच्या. एकदाही माझ्या पाठीचं दुखणं त्यानं थांबलं नाही.

तूर्त त्याला उपदेश नको. जेवायला बोलवा, मार्कांचा विषय काढू नका, आणि बाबांनी पुन्हा कामाला लागल्यावर पहिल्या दिवशी काय केलं ते त्यांनाच सांगू द्या, ते सांगायला तयार असतील तर. ज्याचे दोन टिप्पर होते तो माणूस दुसऱ्याच्या गाडीची किल्ली मागायला गेला, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या घरातली आहे. त्यासाठी काणकोणला जायची गरज नाही.

काणकोणला मात्र जाच. आता ते वाक्य. ‘रात्री माझा डोळा लागला की ती काणकोणची बाईच त्यांच्या सलाईनकडे बघायची, म्हणून निभावलं.’

तुम्ही तिच्याकडे बघत होतात तेव्हा ती तुमच्या सासूबाईंच्या सलाईनकडे बघत होती. स्वतःची लेक शेजारी, दुसऱ्या दिवशी मशीनवर न्यायची, आणि ही बाई रात्री दोनला उठून परक्या म्हातारीची बाटली संपत आली का ते बघते, नर्सला हाक मारते. तुम्हाला उठवत नाही, कारण दमलेल्या आहात. हे ‘कृत’. तुम्ही सगळं पत्रभर तिच्या दुर्दैवाबद्दल लिहिलंत आणि तिनं केलेलं काम एका ओळीत उरकून मोकळ्या झालात. बारा दिवसांत तुम्ही तिला कधी काही दिलंत का, चहा-बिहा? दिला असेल. विचारतेय अशासाठी की पत्रात तिचं नाव नाही. ते तुम्हाला मला सांगायचं नव्हतं म्हणून लिहिलं नसेल तर उत्तम. माहीतच नसेल, तर तिथून सुरुवात आहे.

नंबर असणारच. वॉर्डात एकमेकींचे नंबर घेतले जातातच, ‘बांबोळी काणकोण बाई’ अशा नावानं सेव्ह केलेला असेल. फोन करा. मुलीचं कसं आहे विचारा आणि ती सांगेल ते ऐका, मध्येच ‘देव बघतोय’ वगैरे म्हणू नका. सासूबाईंना बोलायला द्या, दोघींची मैत्री तुमच्यापेक्षा जास्त झालेली असेल, रात्रीची मैत्री ती. आणि गणपतीची चवथ झाली की एकदा जाऊन या. मदत करायला म्हणून नको. जुने कपडे, उरलेली औषधं असलं काही पिशवीत भरू नका. नातेवाइकांकडे जाताना न्याल तेच न्या: नेवऱ्या, घरचे नारळ, तुमच्याकडचं काही. तिला पैशांची गरज असेल तर ते तिच्या बोलण्यातून कळेल, तेव्हा बघा. कदाचित ती तुम्हालाच काजू बांधून देईल. घ्या मुकाट्यानं.

डिचोलीहून लांब पडतं हे मला माहीत आहे. पणजी, मडगाव, मग काणकोणची बस. मुलाला बरोबर न्या. का नेताय ते त्याला सांगू नका. पिशवी जड आहे म्हणा.